पाचोळ्याचं भेव

शमीम मॅडम बसमध्ये चढल्या की आधी वाकून सीटखाली बघायच्या, मग ड्रायव्हरचं तोंड निरखायच्या आणि दाराजवळच्याच सीटवर बसायच्या. का, असं विचारलं तर म्हणायच्या, "उतराले सोपं पडते, सर." मेहकरच्या आमच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवायच्या, मी मराठी. कुत्रा, वीज, गॅसची शेगडी, उघडं गटार, या बाई कशाला घाबरत नव्हत्या ते सांगणं सोपं. स्टाफरूममध्ये कुणी काडी ओढली तरी दचकायच्या. आम्ही चेष्टा करायचो. त्यांना राग म्हणून यायचा नाही. "हसा, हसा. भेव लागते म्हणून तं माणूस नीट पाह्यते," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

आणि याच बाई लोणार रस्त्यावरच्या जंगलात गेल्या की दगडाखाली खुशाल हात घालायच्या. छत्रीनं दगडावर टकटक करायची, क्षणभर थांबायचं, मग दगड उचलायचा आणि पाहून झालं की होता तसाच ठेवायचा. साप निघेल म्हणून माझी मात्र पाचावर धारण बसलेली असायची.

तिथल्या सागाच्या एका अरुंद घळीत त्यांच्या गोगलगायी होत्या. सोयाबीन फस्त करतात त्या भल्यामोठ्या नव्हेत. या ज्वारीच्या दाण्याएवढ्या, तपकिरी, कुजलेला पाचोळा खाऊन जगणाऱ्या. आसपासच्या टेकड्या मॅडमनी पालथ्या घातल्या होत्या, पण त्या इतर कुठे सापडल्या नाहीत. "दुसऱ्या टेकडीवर जातीन म्हणा, तं मधात उघडं रान हाय, ऊन हाय. वाटेतच सुकून जातीन. ही घळ गेली का खतम, सर."

उन्हाळा लागला की या गोगलगायी शंखाच्या तोंडावर पातळ पापुद्रा धरून निपचित पडतात, पावसाची वाट बघत. पळणं काही त्यांच्या हातात नसतं. आणि जंगलाला वणवा लागतो तो नेमका उन्हाळ्यातच. कुणी मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचं गवत जाळतं, कुणी चालता चालता बिडी टाकतं. सागाची पानगळ झाली की मॅडमची झोप उडायची.

गेल्या उन्हाळ्यात पलीकडच्या टेकडीवर वणवा लागला. आम्ही मोटारसायकलवरून घळीपर्यंत गेलो. जळक्या गवताची राख उडत उडत आमच्या अंगावर येत होती. मॅडमनी माझी बाही घट्ट धरली होती आणि त्या तोंडानं काहीतरी पुटपुटत होत्या. वारा फिरला असता तर संपलंच होतं. फिरला नाही. आग अलीकडच्या नाल्यापाशी विझली.

"पाचोळाच काढून टाकू, सर. जळाले काही ठेवूच नोका," त्या म्हणाल्या. गोगलगायी उन्हाळ्यात दगडांखाली शिरतात, पानं काढल्यानं त्यांचं काही बिघडत नाही, असा त्यांचा हिशेब. मला काय कळतंय त्यातलं? रविवारी मी, त्या आणि त्यांचे यजमान रऊफभाई खराटे घेऊन गेलो. घळ अंगणासारखी लख्ख झाडली. पाचोळ्याचा हा मोठा ढीग रस्त्याकडेला लावला. मॅडम कितीतरी दिवसांनी मोकळ्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी माझ्यापुढे एक बशी ठेवली. ढिगातली मूठभर पानं त्यांनी घरी नेऊन, सवयीनं पाणी शिंपडून ठेवली होती. ओल्या पानावर बारीक शंख शिंगं बाहेर काढून चालत होते.

"दगडाखाली थोड्याच असतीन. बाकी साऱ्या पानाइत होत्या," त्या म्हणाल्या. चेहरा पांढराफटक. "मीच झाडून रस्त्यावर फेकल्या, सर."

तासाला सुट्टी देऊन आम्ही निघालो. रस्ताभर मला तो ढीग पेटलेला दिसत होता. पोचलो तर ढिगाच्या कडेला एक ट्रक पंक्चर होऊन उभा, आणि ड्रायव्हर त्याच पानांवर पाय पसरून बिडी ओढत बसलेला. मी लांबच थांबलो. अनोळखी माणसाला बिचकणाऱ्या मॅडम मात्र सरळ त्याच्यासमोर गेल्या.

"भाऊ, हात जोडतो. थे बिडी विझव पहिले."

"काऊन बाई, काय झालं?"

"पानाइत जीव हाय. लहान लहान."

त्याला काय समजलं कोण जाणे. त्यानं बिडी मातीत दाबली, वर पाण्याची बाटली ओतली, आणि पानं घळीत न्यायला स्वतःची ताडपत्रीही काढून दिली.

मॅडम गुडघ्यांवर बसून ती पानं हातानं पसरत होत्या. मध्येच थांबल्या. "याच पानाइले आग लागते, अन् हेच त्याइचं घर. आता काय करू, सर?" मी त्यांच्याशेजारी बसून पानं पसरू लागलो. त्यांची भीती पहिल्यांदा माझ्या पोटात उतरली ती तिथे.

तो उन्हाळा निभावला. या माघात मॅडमच्या हृदयानं दगा दिला. दवाखान्यात भेटलो तेव्हा बोलताना त्यांना धाप लागत होती. "सागाची पानं पडली असतीन," त्या म्हणाल्या.

"मी लक्ष ठेवतो, मॅडम. तुम्ही काळजी करू नका."

"लक्ष काय, कोणीबी ठेवते." त्यांनी माझं मनगट धरलं. "भेव धरा, सर."

चारच दिवसांत त्या गेल्या. मला त्यांची फार आठवण येते.

आता फाल्गुन चालू आहे. कॉलेज सुटलं की मी लोणारची बस पकडतो. काल कंडक्टर म्हणाला, "सर, मांगं अख्खी गाडी रिकामी हाय. दारात काऊन बसता?"

"उतराले सोपं पडते," मी म्हणालो, आणि टेकडीवर धूर दिसतो का ते बघत राहिलो.