तोंडातले खिळे

आमच्या ह्यांना बोलायचं नसलं की ते तोंडात खिळे धरतात. काम सोफ्याखुर्च्यांच्या गाद्या भरायचं. बारीक खिळे ओठांत धरायचे, जिभेने एकेक पुढे आणायचा आणि लोहचुंबकाच्या हातोडीने उचलून ठोकायचा. कामाची पद्धतच तशी, मान्य आहे. पण माझ्या माहेरचा विषय निघाला की नेमकं ठोकायचंच काम कसं निघतं, हे मला कळत नाही असं समजू नका.

आमची ओळख चर्चमधली. मी गाणाऱ्यांत पहिल्या रांगेत, हे बाकांच्या गाद्या भरायला आलेले. गाद्या भरून झाल्या तरी दर रविवारी येत राहिले. आमच्या लग्नात ज्या लांब गादीवर आम्ही गुडघे टेकले, ती ह्यांनीच भरलेली. पाळक डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देत होते आणि हा माणूस अंगठ्याने गादीची शिवण चाचपत होता. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं मी.

चर्च म्हणजे ह्यांचं दुसरं घर. डुगडुगणारा बाक, निसटलेली कडी, काहीही असो, पहिली हाक ह्यांनाच. पुढे कमिटीवर घेतलं. तिथेही बोलायचे नाहीत, पण मत द्यायचे.

आमची थोरली चष्म्याच्या दुकानात आहे. तिची जोडीदारीण इलेक्ट्रिशियन. दोघी एकत्र राहतात त्याला बरीच वर्षं झाली. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी आठवडाभर धड जेवले नाही. हे दोन दिवस गप्प होते, म्हणजे नेहमीसारखेच. मग ती मुलगी आमच्याकडे आली आणि ह्यांच्या शिलाई मशीनचा दिवा दुरुस्त करून गेली. तेव्हापासून हे तिला वायरवाली म्हणतात. चर्चचा माईकही तिनेच दुरुस्त केला. पाळकांचं प्रवचन शेवटच्या बाकापर्यंत पोचायला लागलं आणि पुष्कळांच्या झोपेचं खोबरं झालं.

तर या दोघींनी पाळकांकडे आशीर्वाद मागितला. लग्न लावा असं नाही, नुसता आमच्या घराला आशीर्वाद द्या. झालं, मंडळीत दोन तट पडले. उपासना संपल्यावर एकमेकांना चहा ओतून देणारी माणसं वेगवेगळ्या कोपऱ्यांत उभी राहायला लागली. थोरली मला म्हणाली, "आई, नाही म्हणाले तर मी भांडणार नाही. पण मग दर रविवारी त्यांच्यात येऊन बसणं मला जमणार नाही."

एकीकडे पोर, एकीकडे चर्च. पोर गेली तर मी तिच्यामागे जाणार, हे माझं ठरलेलं. पण ह्यांचं काय?

ह्यांनी काहीच सांगितलं नाही. एका संध्याकाळी चर्चमधली ती गुडघे टेकायची लांब गादी खांद्यावर टाकून घरी घेऊन आले आणि उसवत बसले. लग्न कोणाचंच ठरलेलं नव्हतं. माझ्या मनात नाही नाही ते आलं. गादीच उचलून आणली, म्हणजे पोरींनी गुडघे टेकायचा प्रश्नच मिटला. आता सोक्षमोक्ष लावायचाच म्हणून चहा घेऊन गेले. तोंडात खिळे. कप स्टुलावर ठेवला आणि परत फिरले.

कमिटी बसली ती चर्चच्या हॉलमध्ये. मी कमिटीवर नाही, चहाला मात्र मी. शेवटच्या टेबलापाशी कप मांडत कान लावून उभी होते.

सगळ्यात ठाम विरोध संडे स्कूलच्या मास्तरांचा. थोरलीला बायबलच्या गोष्टी त्यांनीच शिकवलेल्या. म्हणाले, "मला ती लेकीसारखी आहे. तिला हाकला असं मी मेलो तरी म्हणणार नाही. पण शास्त्रात नवरा आणि बायको लिहिलंय. देवाने जे चांगलं म्हटलेलं नाही त्याला मी चांगलं कसं म्हणू? आशीर्वाद म्हणजे दुसरं काय असतं?"

पाळक म्हणाले, "आपण पात्रता बघून आशीर्वाद देतो का मास्तर? आजाऱ्याला देतो, प्रवासाला निघालेल्याला देतो. यांच्या गाद्यांच्या दुकानाला दिला तेव्हा तुम्हीच पाण्याचं भांडं धरून उभे होतात. त्या दोघी देवाकडे मागायला आल्यात. मी दार लावून घेऊ?"

शिलाई मशीनला आशीर्वाद चालतो आणि माझ्या पोरीला चालत नाही, असं अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. गिळलं.

बोलणं वाढत गेलं. कोणी म्हणालं, निम्मी मंडळी चर्च सोडून जातील. कोणी म्हणालं, जाऊ द्या. शेवटी पाळकांनी घाम पुसला आणि मधला मार्ग काढला. शनिवारी, दार लावून, मागच्या खोलीत. गाणं नाही, घोषणा नाही. तिघांनी लगेच हात वर केले. मास्तर आणि आणखी दोघे, नाही. उरले आमचे हे.

"नाही," हे म्हणाले.

संपलं, म्हटलं.

"मागच्या खोलीत मी मोडकं सामान ठेवतो," हे पुढे बोलले. इतकं लांब वाक्य कमिटीने ह्यांच्या तोंडून ऐकलं नसेल. "पाय गेलेले बाक, फाटक्या गाद्या. माझ्या पोरीला तिथे नेणार नाही मी. नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणा, आम्ही घरी जाऊ. हो म्हणायचं तर रविवारी, पुढे, सगळ्यांदेखत."

पाळक म्हणाले, "तर मग रविवारचंच विचारतो." मघाचे तीन हात पुन्हा वर झाले, एक जरा उशिरा. चौथा ह्यांचा.

माझा जीव भांड्यात पडला. मी तिथेच खुर्चीवर बसले. चहा गार झाला तरी कोणी मला काही म्हणालं नाही.

"माझं मत 'नाही'च राहील," मास्तर उठता उठता म्हणाले.

"राहू दे," हे म्हणाले. "पण रविवारी या."

मास्तर आले. शेवटच्या बाकावर बसले. बाकी सगळे आमेन म्हणाले तेव्हा ते गप्प होते, मी मुद्दाम वळून बघितलं. पण नंतर दाराशी थोरलीच्या डोक्यावर लहानपणी ठेवायचे तसा हात ठेवला आणि निघून गेले. दोन कुटुंबं त्यानंतर आलेली नाहीत. त्याचं वाईट वाटतं, पण माझी पोर येते.

आणि ती गादी. दोघी गुडघे टेकायला पुढे गेल्या तेव्हा मला नीट दिसली. नवं गडद हिरवं कापड, थोरलीला लहानपणापासून आवडतं ते. आणि डावी बाजू किंचित जास्त भरलेली. शिड्या चढून चढून वायरवालीचा गुडघा दुखतो, आणि ती टेकली डाव्याच बाजूला.

म्हणजे कमिटी बसायच्या कितीतरी आधीच या गृहस्थांचं ठरलं होतं. मी इकडे जीव टांगणीला लावून बसलेले, आणि हे खुशाल कापूस मोजतायत.

घरी जाताना रस्त्यातच धरलं. "आधी सांगायला काय धाड भरली होती?"

"तू विचारलं कुठे?"

"विचारायलाच आले होते. तोंडात खिळे होते तुमच्या."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. अगदी साधेपणाने म्हणाले, "काढले असते की."