आरशासकट बस

एस.टी.च्या नोकरीत धम्माभाऊंनी उमरेड-नागपूर रस्ता इतका तुडवला की त्या रस्त्यावरच्या म्हशीसुद्धा त्यांचा हॉर्न ओळखून बाजूला होत, असं त्यांची बायको सिंधूताई सांगायच्या. आता बायकोच्या कौतुकाला कोणी पट्टी लावून मोजत नाही. पण माणूस होता खरा तसाच. धुक्यातून, कोळशाच्या ट्रकांच्या रांगेतून, पावसाळ्यात उखडलेल्या रस्त्यावरून त्यांनी लोकांना सुखरूप घरी पोहोचवलं होतं. निवृत्त झाल्यावर दोघं उमरेड सोडून नागपुरात जरीपटक्याच्या बाजूला राहायला आले, आणि तिथं अशा माणसाला तळहाताएवढ्या मोबाइलनं घाम फोडला.

झालं होतं असं, की त्यांची एकुलती एक मुलगी नंदिनी पीएच.डी. झाली होती. येत्या रविवारी नागपुरातच तिच्या संस्थेचा पदवीदान समारंभ होता. संस्थेनं फर्मान काढलं की आईवडिलांनी आपल्या मोबाइलवरून नोंदणी करायची, मग मोबाइलवरच पास येईल. पास नसेल त्याला सभागृहात प्रवेश नाही. नोंदणी शुक्रवारी संध्याकाळी बंद. नंदिनी नोकरीला पुण्याला, ती शनिवारी रात्री पोहोचणार होती. बाबा, तुम्ही नुसता ओटीपी सांगत राहा, बाकीचं मी इथून भरते, असं ती फोनवर म्हणाली होती. धम्माभाऊ म्हणाले, "तू आपलं काम पाय. सीटचं मी पाहतो."

त्यांचंही काही चुकलं नव्हतं. जन्मभर त्यांनी सीट पाहिली होती. स्टँडवर बस लागली की लोक खिडकीतून आत रुमाल टाकत आणि रुमाल पडला की सीट आपली, यावर कधी कोणी कोर्टात गेलं नाही. खरी गोष्ट मात्र त्यांनी पोरीला सांगितली नव्हती. शाळेत नंदिनी पहिली आली तेव्हा धम्माभाऊ ड्युटीवर होते. कॉलेजात तिला बक्षीस मिळालं तेव्हाही ड्युटीवर. दरवेळी सिंधूताई एकट्या जाऊन टाळ्या वाजवून येत आणि रात्री जेवताना सगळं सांगत. यावेळी त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं, आणि त्यासाठीची सीटही स्वतःच्या हातानं मिळवायची होती.

गुरुवारी सकाळी चहा झाल्यावर ते चष्मा लावून बसले. आधी वेबसाइटनं पासवर्ड मागितला. त्यांनी 'जयभीम' टाकला. तो कमजोर आहे, असं उत्तर आलं. धम्माभाऊंनी मान वर करून भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे पाहिलं आणि शेवटी आकडे आणि चिन्हं जोडली. मग ओटीपी येईना. आला तेव्हा त्याची वेळ टळून गेली होती. पुन्हा पहिल्यापासून नाव, पुन्हा पत्ता. जन्मतारखेसाठी एक एक वर्ष मागं सरकवत त्यांचं बोट दुखून आलं. एवढा घाट चढून गेल्यावर खाली एक चौकोन दिसला. त्यापुढं लिहिलं होतं, 'मी रोबोट नाही'.

"हे काहून विचारून राहिले?" त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहत विचारलं. सिंधूताईंनी आतूनच सांगितलं, नाही म्हणा आणि पुढं चला.

पुढं जाता आलं असतं तर काय हवं होतं. चौकोनावर खूण केल्याबरोबर एक चित्र उघडलं. रस्त्यावर उभी असलेली बस, आणि तिच्यावर आखलेली चौकटींची जाळी. ज्या ज्या चौकटीत बस आहे, त्या निवडा. धम्माभाऊंना हसूच आलं. आता आली गाडी आपल्या रस्त्यावर, असं म्हणून त्यांनी टायर निवडले, टप निवडला, काच निवडली आणि दोन्ही बाजूंना बाहेर आलेले आरसे होते, त्या चौकटीही निवडल्या. ड्रायव्हरला विचाराल तर गाडी पत्र्याला संपत नाही, आरशाला संपते. आरसा जाईल तिथूनच गाडी जाते. हे ज्याला कळत नाही त्याच्या हाती कोणता डेपो बस देईल?

उत्तर आलं, पुन्हा प्रयत्न करा. दुसरी बस आली. तिचेही आरसे त्यांनी सोडले नाहीत. मग तिसरी, चौथी. धम्माभाऊंचे कान लाल झाले. शेवटी, आपण फार वेळा चुकलात, उद्या या, अशा अर्थाचं काहीतरी लिहून वेबसाइटनं दार लावून घेतलं. सगळी नोकरी एकही अपघात न करता काढलेल्या माणसाला बस ओळखता येत नाही, असं एका यंत्रानं ठरवलं होतं. मला विचाराल तर त्या यंत्राला एकदा उन्हाळ्यात उमरेडच्या भरल्या बसमध्ये उभं करून आणायला हवं.

त्यांनी मदतीच्या नंबरवर फोन लावला. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, असं एक बाई फार गोड आवाजात म्हणाली. धम्माभाऊ अदबीनं "हो ताई" म्हणाले. ती पुन्हा तेच म्हणाली. ती बाई खरी नाही हे कळेपर्यंत त्यांचं बऱ्याचदा हो ताई, हो ताई करून झालं होतं.

रात्री नंदिनीचा फोन आला. नोंदणी झाली का, तिनं विचारलं. धम्माभाऊंनी झालीच समज म्हणून सांगितलं. पोरीशी ते कधी खोटं बोलत नसत. फोन ठेवल्यावर त्यांनी भाकरी अर्धी सोडली. सिंधूताईंनी ते पाहिलं.

शुक्रवारी सकाळी धम्माभाऊंनी पुन्हा सगळं भरलं. बसचं चित्र उघडलं तेव्हा त्यांचं बोट हवेतच थांबलं. यावेळी चुकलं तर उद्या या म्हणतील, आणि उद्या तर नोंदणीच नव्हती. पदराला हात पुसत सिंधूताई शेजारी येऊन बसल्या.

"द्या इकडं. काय विचारून राहिला तो?"

"बस कुठंकुठं आहे, ते."

सिंधूताईंनी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला आणि खिडक्या, दार, टायर, जिथं जिथं बसचं अंग होतं तेवढंच टिपलं. आरशांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. धम्माभाऊ अस्वस्थ झाले. "आरसे राहिले ना वं."

"आरशात कोणी बसते का?" सिंधूताई म्हणाल्या. "जन्मभर स्टँडवर उभं राहून मी बस पाहिली. खिडक्या दिसल्या म्हणजे बस आली."

आणि त्यांनी बटण दाबलं. हिरवी खूण उमटली. थोड्या वेळानं दोघांचे पास मोबाइलवर येऊन पडले. धम्माभाऊंनी ते उघडून पाहिले, बंद केले, पुन्हा उघडून पाहिले. मग सिंधूताईंनी विचारलं, की एवढा मार खाऊनही आरशाचा हट्ट काहून सोडला नाही?

धम्माभाऊंनी मोबाइल खाली ठेवला. नंदिनी कॉलेजात होती तेव्हा रोज त्यांच्याच बसनं उमरेडहून नागपूरला यायची. कॉलेज रस्त्याच्या पलीकडे होतं.

"उतरली का डाव्या आरशात दिसे," ते म्हणाले. "मग गाडीच्या मागून रोड ओलांडे. तेवढा वेळ ती कोणत्याच आरशात नसे. मी उजव्या आरशाकडं पाहत राहो. तिथं दिसली, कॉलेजच्या फाटकात गेली, का मग गिअर टाको. लोक बोंबलत, चला ना गा ड्रायव्हर साहेब. पोरगी काही मागं वळून पाहत नसे, मैत्रिणी असत ना संगं. मले काय, सारं पोरीचं शिक्षण मी आरशातच पाहिलं."

सिंधूताईंचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांच्या संसारात हे त्यांना ठाऊक नव्हतं. घरी यायला उशीर का होतो म्हणून त्यांनी कितीदा या माणसाला धारेवर धरलं होतं. त्यांनी नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि चहा पुन्हा गरम करायला उठल्या.

रविवारी पास दाखवून दोघं आत गेले. सिंधूताईंनी पांढरी साडी नेसली होती, धम्माभाऊंनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. खुर्च्यांवर नंबर होते, तरी सिंधूताई पाणी प्यायला गेल्या तेव्हा धम्माभाऊंनी त्यांच्या खुर्चीवर रुमाल टाकून ठेवलाच.

नंदिनीचं नाव पुकारलं गेलं. ती डाव्या बाजूनं मंचावर आली, तिनं पदवी घेतली, फोटो झाला. धम्माभाऊंच्या आणि तिच्या मध्ये ना काच होती ना आरसा. ते टाळ्या वाजवायचं विसरले. मग ती मंचाच्या मागच्या पडद्याआड गेली. पदवी घेतलेल्यांनी तिकडून फिरून उजव्या दारानं आपल्या जागी यायचं होतं.

धम्माभाऊ उभे राहिले. पुढचं नाव पुकारलं, त्याच्याही पुढचं, तरी ते उभेच, उजव्या दाराकडे पाहत. मागून कोणीतरी म्हणालं, काका बसा ना, दिसत नाही. आणखी एकानं शर्टाला हात लावला. धम्माभाऊंना काही ऐकू आलं नाही.

सिंधूताई मागं वळल्या आणि हळूच म्हणाल्या, "थांबा ना जरा. पोरगी रोड ओलांडून राहिली."

उजव्या दारातून नंदिनी बाहेर आली. बरोबर मैत्रिणी होत्या. ती थांबली, माणसांच्या गर्दीत तिनं नजर फिरवली, उभा असलेला बाप तिला दिसला आणि तिनं हात उंच केला. ती आपल्या खुर्चीत जाऊन बसली, तेव्हा धम्माभाऊ खाली बसले.