पोळ्याच्या दिवशी पूर

पुराची साऱ्या गावात सगळ्यात पक्की तयारी माझी होती, हे मी आजही कोणापुढंही सांगतो.

आमचं गाव महागावकडचं, नदीला लागून. पावसाळ्याआधी एक साहेब शिकवून गेले : दाणा उंचावर न्या, कागद पन्नीत बांधा, बॅटरी जवळ ठेवा. (पूर मी जन्मापासून पाहून राह्यलो, अन् मले शिकवणार कोण? चिखल पाहून गाडीतून न उतरणारा!) तरी ऐकलं. गहू-तूर पोत्यात भरून कट्टे शिवले, बंडीला वंगण दिलं. पूर आला की बैल जुंपायचे अन् टेकडीवरच्या शाळेत जायचं. बस!

अन् मेला पूर आला कधी? ऐन पोळ्याला! भोंगा ओरडला, "धरणाचे दरवाजे उघडले, वर चला!" इकडे बैल शिंगं रंगवून, झूल पांघरून पुरणपोळी खात उभे.

"मामाजी, जुंपा ना लवकर!" जावई म्हणाला. सणाला आला होता बिचारा.

"पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू? डोकं ठिकाणावर हाय का जवाईबापू?"

"वर्षाचा दाणा हाय जी तो!" बायको कडाडली. "वाहून गेला तं खासान काय? झूल?"

तेवढ्यात शेजारच्या किसनानं दारात ट्रॅक्टर आणला. "काका, टाका कट्टे!"

आता या किसनानं माझ्या वावराचा धुरा, म्हंजे बांध, हातभर कोरलेला! त्याच्या ट्रॅक्टरात माझा दाणा?

"तुह्या ट्रॅक्टरात तुहा दाणा टाक! माही बंडी हाय!"

"अन् बंडी वढणार कोण?" बायकोनं विचारलं.

मी जू उचललं अन् एका बाजूनं स्वतःचा खांदा दिला. दुसरी बाजू रिकामी. सगळे जावयाकडं पाहायला लागले.

"मामाजी, मी बँकेत आहो!"

"मंग? बँकवाल्याले खांदा नसते काय?"

निघालो! मी रागानं लाल, जावई भीतीनं पिवळा, अन् बाजूनं बैल डुलत, जशी त्यांचीच वरात! बायको "हट! चाल!" करत होती. ती बैलांना म्हणते असं मला बराच वेळ वाटलं.

चढावर जावयाची चप्पल रुतली. अन् हा गडी ती काढायला वाकला! (चढावर! जू खांद्यावर असताना!) बंडी मागं सरकली, आम्ही तिच्यासंगं, अन् सारं लटांबर थेट डबक्यात! कट्टे बुडाले, जावई बुडाला, मी बुडालो. बैल काठावर उभे राहून रवंथ करत होते.

पाणी आमच्या अंगणात आलं, उंबरठ्याला न शिवता परत गेलं. साऱ्या गावात दाणा भिजला फक्त एकाचा. ज्यानं तो घराबाहेर काढला त्याचा!

संध्याकाळी शाळेच्या वऱ्हांड्यात माझा खांदा टम्म सुजला. बायकोनं हळद-तूप आणलं. आदल्या दिवशी खांदेमळणीला बैलांचे खांदे चोळले, तसाच दातओठ खात माझाही चोळला, अन् बैलांना म्हणतात तेच साऱ्या गावादेखत माझ्या कानात म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या!"

मी मान हलवली. गळ्यात घुंगरमाळ तेवढी नव्हती.