कॉलेज मिळालं

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सला येऊन तीन वर्षं झाली तेव्हा मी तिथल्या कॉलेजात चौकशीला गेले. नागपूरच्या एका ज्युनियर कॉलेजात मी सात वर्षं फिजिक्स शिकवलं होतं. इथे नवरा सॉफ्टवेअरच्या नोकरीवर दिवसभर बाहेर आणि मी घरात. एमएस्सीपर्यंतची सगळी सर्टिफिकेटं फाईलला लावून नेली. शिकवायला जागा आहे का, एवढंच विचारायचं होतं.

आत शिरले आणि काही कळेना. एका खोलीत मुली एकमेकींचे केस कापत होत्या. शेजारच्या हॉलमध्ये काही जण विटांची भिंत रचत होते, आणि पलीकडे दुसरे तशीच रचलेली भिंत पाडत होते. कँटीनमध्ये सोळा वर्षांची मुलं बसली होती, त्यांच्याच टेबलावर माझ्या आईच्या वयाच्या दोन बायका गृहपाठ करत होत्या. मला वाटलं, आपण चुकीच्या इमारतीत आलो. इथे कॉलेज म्हणजे सोळा वर्षांपुढच्या कुणालाही कामधंदा शिकवणारी जागा, हे नंतर कळलं.

ॲडव्हायझर बाईंनी माझी फाईल अगदी सावकाश चाळली. शिकवायचं तर इथलं सर्टिफिकेट लागेल, त्याआधी इंग्रजी आणि मॅथ्सची चाचणी द्यावी लागेल, असं त्या म्हणाल्या. मग कोर्सच्या लेव्हल समजावून सांगितल्या. लेव्हल म्हणजे इयत्ता का, असं मी विचारलं. तसं नाही म्हणाल्या. वर्षभराचा एक कोर्स केला की युनिव्हर्सिटीत जाता येतं. मी म्हटलं, मी युनिव्हर्सिटीतूनच आलेय. त्या हसल्या, मीही हसले, पण दोघींना काय कळलं ते देव जाणे.

शेवटी त्यांनी विचारलं, "पण तुम्हाला स्वतःला काय करायला आवडेल?"

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. समोर कोर्सचं जाडजूड पुस्तक उघडं होतं. मी पानं उलटत राहिले आणि ज्या एका पानावरचे सगळे शब्द ओळखीचे वाटले त्यावर बोट ठेवलं. ते घरातल्या वायरिंगचं पान होतं. दोन वर्षांचा कोर्स, आठवड्यातून दोन संध्याकाळी. मी नाव घातलं.

त्या रविवारी नागपूरला फोन केला. बाबा वीज मंडळात वायरमन म्हणून लागले आणि फोरमन होऊन रिटायर झाले. मुलगी कॉलेजात शिकवते, हे त्यांनी अख्ख्या कॉलनीला सांगितलेलं.

"बाबा, कॉलेज मिळालं," मी म्हटलं.

"वा! कोणते वर्ग दिले?"

"संध्याकाळचे," मी म्हणाले. खोटं असं त्यात काही नव्हतं. तरी मी घाईने फोन ठेवला.

कोर्स सुरू झाल्यावर वर्कशॉपमध्ये प्रत्येकाला प्लायवूडचा एक बोर्ड मिळाला होता. त्यावर एक दिवा आणि दोन स्विच जोडायचे. कुठल्याही स्विचने दिवा लागावा आणि विझावा, जिन्यातल्या दिव्यासारखा. सर्किटची आकृती मी दोन मिनिटांत काढली. तारा जोडण्यात संध्याकाळ गेली, आणि दिवा एकाच स्विचला दाद देत होता. त्यात इथल्या नव्या नियमाने तारांचे रंग नुकतेच बदललेले. मी शिकवलेली काळी तार न्यूट्रल होती. इथे आता निळी न्यूट्रल, आणि काळीतून करंट येऊ शकत होता. साठीला आलेल्या सरांना मी बिचकत विचारलं, तर ते म्हणाले की चाळीस वर्षं जुन्या लाल-काळ्या तारांत काढल्यावर त्यांनाही रोज नव्याने आठवावं लागतं. त्यामुळे मला धीर यायला हवा होता. उलट मी आणखीच गोंधळले.

पुढच्या जूनमध्ये आई-बाबा आले. तुझं कॉलेज दाखव, असं बाबांनी पहिल्याच दिवशी म्हटलं. मी आज नको, उद्या नको करत राहिले. नवऱ्याने सांगितलं, सांगून टाक. पण काय सांगायचं ते वाक्यच जुळत नव्हतं. एका दुपारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून सोफ्यावर येऊन बसले. आम्ही बसने गेलो.

वर्कशॉपच्या दारातच सर भेटले. बाबांशी हात मिळवून त्यांनी सरळ इंग्रजीत सांगितलं की तुमच्या मुलीला थिअरी माझ्यापेक्षा जास्त येते, पण हात अजून बसायचा आहे.

बाबांना इंग्रजी कळत होतं. ते माझ्या, अजूनही एकाच स्विचवर चालणाऱ्या बोर्डापाशी गेले, चष्मा लावला, मेन बंद आहे ना ते स्वतः तपासलं. मग सरांकडे स्क्रू ड्रायव्हर मागितला, स्विच उघडला आणि एक तार काढून दुसऱ्या जागी बसवली. मेन चालू केल्यावर दिवा दोन्हीकडून लागला. सर त्यांना नव्या रंगांबद्दल सांगू लागले. दोघं अर्धा तास त्या बोर्डापाशी उभे होते आणि मी मागे पर्स धरून.

बसस्टॉपवर बाबा म्हणाले, "मी खांबावर चढलो ते तुला चढायला लागू नये म्हणून."

"मी खांबावर चढणार नाहीये, बाबा."

"मग तू तिथे आहेस तरी कोण? शिकवणारी की शिकणारी?"

"मलाच नीट माहीत नाही."

बस येते का ते त्यांनी वाकून पाहिलं. मग म्हणाले, "वर्षभर एकटीने हे ओढलंस. फोनवर मला विचारलं असतंस तर स्विच तरी सांगितला असता."

रागावले होते की दुखावले होते, मला ओळखता आलं नाही.

दुसऱ्या वर्षी सर मला वर्गातल्या इतरांची गणितं घ्यायला सांगू लागले. त्यातून कॉलेजने प्रौढांच्या मॅथ्सच्या वर्गाला मदतनीस म्हणून बोलावलं. मग शिकवण्याचं सर्टिफिकेट झालं आणि त्याच कॉलेजात नोकरी लागली. वायरिंगचा कोर्स पुरा केला, पण त्यावर एक दिवसही काम केलं नाही. ती दोन वर्षं गरजेची होती की मी फक्त वाट चुकले होते, हे मला आजही ठरवता येत नाही. बाबांनी कॉलनीत माझ्याबद्दल नेमकं काय सांगितलं, ते मी त्यांना कधी विचारलं नाही.