झोपाळ्याच्या सळीवरचा केस

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी विचारलंत, आजोबा झोपाळा सोडून खुर्चीत का बसलेत? ते म्हणाले, "तुमच्या आजीने मला खाली उतरवलं." ते सांगतील तेव्हा त्याचा असाच विनोद होईल. म्हणून सगळं नीट आठवतंय तोवर मीच लिहून पाठवते.

सुरतेत कतारगामच्या या घरात आम्ही राहायला आलो तेव्हा झोपाळा आधीपासून होता. आम्ही हौसेने आणलेल्या खुर्च्या महिन्याभरात गच्चीवर गेल्या. दर दिवाळीआधी आजोबा त्याच्या चारही सळ्यांना स्वतः ऑइलपेंट देत. जुना रंग खरवडायचा नाही, त्यावरूनच नवा हात फिरवायचा. आधी हिरवा होता, मग चॉकलेटी, मग फिकट पिवळा.

एका सळीचं टोक वळून वरच्या कडीत अडकायचं, बरोबर माझ्या डोळ्यांच्या उंचीवर. त्या वळणावर एकदा मला काळा केस दिसला.

"अहो, रंगात केस चिकटलाय."

"माझा नसणार," टकलावरून हात फिरवत ते म्हणाले.

मी नखाने काढायला गेले. नखाला काहीच लागलं नाही. दिवाळीत तो रंगाखाली गेला. संक्रांतीपर्यंत त्याच जागी परत आला, किंचित लांब होऊन. असं वर्षानुवर्षं चाललं आणि मला त्याची सवय झाली.

या उन्हाळ्यात आवाज सुरू झाला. भर दुपारी, झोपाळ्यावर कोणी नसताना, टक्. आतल्या खोलीत आम्ही दोघं पडलेले असायचो आणि बाहेर कोणीतरी बोट मोडल्यासारखं एकच टक्. शेजारच्या मासी एकदा दारातूनच परत गेल्या. मला म्हणाल्या, "बेन, तमारे त्यां कोई बेठुं छे?" कोणीच बसलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी उभी राहून फळीवर एका हाताने भार दिला आणि केसाकडे बघत राहिले. भार दिला की केस जाड व्हायचा. हात उचलला की पुन्हा बारीक. जाड, बारीक. श्वास घेतल्यासारखा. मी हात काढून घेतला आणि पदराला पुसला.

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, म्हणून तुम्हालाही शिकवते. लोखंडाची सळी थोडी ताणली, वाकवली तरी सोडल्यावर होती तशी होते. भेग मात्र मागे जात नाही, आणि तो केस म्हणजे भेग होती. सुरतेच्या बाजारात कापडवाला काठाला कात्रीने एक छोटी खाच देतो आणि मग दोन्ही हातांनी टरकन सरळ फाडतो. खाच नसेल तर तेच कापड दोन पैलवानांना फाटणार नाही. सगळ्या जाडीने वाटून घ्यायचा ताण भेगेच्या टोकाशी गोळा होतो. भेग जितकी लांब, तितका जास्त. दर झोक्याला ती जराशी पुढे सरकते. एका लांबीपर्यंत ती अशी थांबत थांबत जाते. त्यानंतर थांबत नाही.

"उद्यापासून यावर बसायचं नाही," मी म्हटलं.

"इतकी वर्षं काही झालं नाही."

"म्हणूनच."

"बाईंचा तास सुरू झाला," असं म्हणून ते मुद्दाम फळीवर मांडी घालून बसले. मी समोर उभी राहिले. बोलताना त्यांच्या तोंडाकडे बघणं मला जमेना. मी त्या वळणाकडे बघत होते.

सकाळी ते उठायच्या आत मी कपाटातल्या सगळ्या गोधड्या आणि उशा काढून फळीवर रचल्या. ऊन द्यायचंय म्हणून सांगितलं. ते रागावले, गच्चीवरून एक खुर्ची घेऊन आले आणि समोर ठेवून बसले, मी गोधड्या कधी उचलते याची वाट बघत. वारा नव्हता.

टक्.

फळीचा एक कोपरा खाली आला आणि फरशीवर आदळला. मग गोधड्या एकेक करून सरकल्या, सावकाश, एखादं म्हातारं माणूस जपून उतरावं तशा. उशी सर्वांत शेवटी. उरलेल्या तीन सळ्यांवर फळी बराच वेळ हलत होती.

तुटलेलं टोक मी खिडकीपाशी नेऊन पाहिलं. कडेला नखाएवढा तुकडा नवीन होता, चांदीसारखा चकचकीत. बाकी सगळा भाग काळपट, गंजलेला, म्हणजे फार पूर्वीच सुटलेला. आणि त्या काळ्या भागात, भेगेच्या तोंडाशी झिरपलेले रंग होते. पिवळा, त्याच्या आत चॉकलेटी, सगळ्यात आत हिरवा.

हिरवा रंग होता तेव्हा तुमची आई शाळेत जात होती. म्हणजे पुढे सुट्टीत तुम्ही दोघं दुपारी त्या फळीवर आजोबांच्या पोटाला चिकटून झोपायचात, मी एका पायाने झोका देत वाचत बसायचे, तेव्हा ती भेग आमच्याबरोबर होतीच.

आजोबांनी ते टोक हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि मला परत दिलं. त्या दिवशी त्यांनी विनोद केला नाही.

सळ्या आता भंगारात गेल्या आहेत. फळी भिंतीला टेकून उभी आहे, तिला ओरखडाही नाही. छतातले चारही हूक पक्के आहेत. त्यांच्या खाली खुर्ची आहे, आणि खुर्चीत तुमचे आजोबा आहेत.