साडेपाचचा ऑल ओके रिपोर्ट

सतरा हजार फुटांवरच्या त्या पोस्टवर आम्ही आठ जण होतो. पोस्ट कमांडर मी, तेव्हा हवालदार. माझ्या खालोखाल नाईक सर्जेराव चौगुले, कोडोलीचा. एक नर्सिंग असिस्टंट, एक रेडिओ ऑपरेटर, बाकी चार जवान. ड्युटी नव्वद दिवसांची. एकसष्टाव्या दिवशी काय झालं ते मी पंधरा वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं ते गेल्या वर्षी, कोल्हापुरातल्या एका हॉलच्या मागच्या खोलीत, आणि तेही बाहेर लोक आरडाओरडा करत असताना.

आधी रोजचं सांगतो. ०५०० ला स्टँड-टू, म्हणजे सगळे हत्यार घेऊन आपापल्या जागेवर. ०५३० ला रेडिओवर कंपनीला ऑल ओके रिपोर्ट; रेडिओवर कंपनीचं नाव टायगर, आमच्या पोस्टचं अल्फा. माणसं किती, हत्यारं किती, कोणी आजारी आहे का. नियम कडक होता. खोकला, डोकेदुखी, धाप, यांतलं काहीही असेल तर त्या माणसाचं नाव रिपोर्टमध्ये घ्यायचं आणि त्याच दिवशी त्याला खाली पाठवायचं. त्या उंचीवर छातीत पाणी भरतं. त्याला हापो म्हणतात. त्यावर खरं औषध एकच, खाली उतरणं. त्यानंतर बर्फ उपसायचं, रॉकेलचे कॅन मोजायचे, बुखारी, म्हणजे रॉकेलची शेगडी, साफ करायची, चहा करायचा.

सर्जेराव तालमीतला गडी. दोन्ही कान फुटलेले, मान खांद्यात बसलेली. पोस्टवर जाण्याच्या दोन वर्षं आधी पलटणीत अनआर्म्ड कॉम्बॅटचा, म्हणजे बिनहत्याराच्या झटापटीचा, कोर्स लागला होता. उस्ताद हरियाणाचा. त्याचा पहिला नियम असा की पकड बसली आणि सुटका दिसत नसली, तर मॅटवर दोनदा हात आपटायचा. समोरच्याने त्या क्षणी सोडायचं. उस्तादाने सर्जेरावचा हात कोपरातून उलटा धरला आणि ओरडला, "चौगुले, हाथ मार! हाथ मार!" सर्जेरावने हात मारला नाही. कोपर निखळलं आणि तीन आठवडे हात प्लास्टरमध्ये गेला.

उस्तादाने त्याला शिव्या घातल्या. आम्ही कोल्हापूरकरांनी कुकहाउसच्या मागे लागून त्याला जास्तीचं दूध मिळवून दिलं. शड्डू ठोकणारा हात हार मानायला जमिनीवर आपटायचा, हे आमच्या डोक्यात शिरतच नव्हतं. मी तर पलटणभर सांगत फिरलो, "हात मोडला, पण आपटला न्हाय."

एकसष्टाव्या दिवशी सर्जेराव गेला. त्याला घेऊन मी कोडोलीला आलो. त्याची मुलगी स्नेहल चार वर्षांची होती, माझ्या पदकांशी खेळत होती. शोकसभेत मला बोलायला उभं केलं. मी म्हणालो, "सर्जेरावनं शेवटपर्यंत हार मानली न्हाय." बाया रडल्या. तालमीचे आप्पा वस्ताद उठून माझ्या गळ्यात पडले. महिन्याभरात तालमीत त्याचा फोटो लागला आणि खाली लाल रंगात माझं ते वाक्य.

मी सुभेदार होऊन निवृत्त झालो आणि कोल्हापुरात घर केलं. स्नेहल वर्ष-दोन वर्षं कुस्ती खेळली, आणि एक दिवस कळलं की ती एमएमए खेळते. मिक्स्ड मार्शल आर्ट्स. बुक्क्या, लाथा, पकडी, सगळं एकातच, तेही पिंजऱ्यात.

कोल्हापुरात मत मागावं लागत नाही, न मागता वाढलं जातं. दूधकट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला गेलो, तर एकाने मला अडवलं. "सुभेदार, ह्यो काय खेळ म्हणायचा? निस्तं रगात!" आप्पा वस्तादांनी तर निकालच दिला. "मातीच्या पाया पडून खेळत्यात त्यो खेळ. जाळीत कोंडून मारत्यात ती कोंबड्यांची झुंज. पैलवानाची पोरगी ती. बापाचं नाव मातीत घालाय लागलीया."

मीही मान डोलावली. खरं सांगायचं तर मी मोबाईलवर दोन मिनिटांची एक क्लिप बघितली होती आणि तेवढ्या भांडवलावर वर्षभर बोलत होतो. वस्तादांचे दोन्ही कान फुटलेले, एक गुडघा आखाड्यात गेलेला, पुढचे तीन दात नाहीत. पण आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

सर्जेरावच्या बायकोने, वैशाली वहिनींनी, मला बोलावून घेतलं. "भाऊजी, माजं ऐकत न्हाय ती. तुमचं ऐकंल. एवढं बंद करा बघू." मी मिशीवर हात फिरवून गेलो.

जिम एका पत्र्याच्या शेडमध्ये होती. स्नेहलचा कोच तिशीतला, मऊ आवाजाचा. मला वाटलं होतं गुंड असेल. त्याने खुर्ची दिली, चहा दिला आणि नियम सांगितले. डोक्याच्या मागे मारायचं नाही, डोळ्यात बोट घालायचं नाही, डॉक्टर हजर पाहिजे, रेफरी कधीही थांबवू शकतो. "आणि सगळ्यात मोठा नियम टॅपचा, काका. सहन होत नसलं की दोनदा हात आपटायचा. खेळ तिथंच संपतो."

मला हरियाणाचा उस्ताद आठवला. ज्या खेळाला आम्ही रक्तपात म्हणत होतो, त्यात हरणाऱ्याला 'पुरे' म्हणायचा हक्क होता, आणि समोरच्याला ते ऐकावंच लागत होतं.

तेवढ्यात मॅटवर गडबड झाली. सरावात एका मुलीने स्नेहलचा हात आर्मबारमध्ये धरला होता, कोपर उलटं ताणून. कोच ओरडला, "टॅप कर! स्नेहल, टॅप!" स्नेहलने ओठ मिटले आणि छताकडे बघत राहिली. कोचने धावत जाऊन दोघींना सोडवलं.

"ही टॅप करत नाही काका," तो वैतागून म्हणाला. "इथं मी सोडवतो. मॅचमध्ये रेफरीला अर्धा सेकंद उशीर झाला तर हात जाईल. आणि गळ्याला चोक बसला तर नुसता हात जाऊन भागणार नाही."

स्नेहल घाम पुसत माझ्याकडे आली. अगदी बापाची मान. हसून म्हणाली, "बाबांनी शेवटपर्यंत हार मानली न्हाय. मी कशी मानू? तुमीच सांगितलंय की काका."

मी खेळ बंद करायला आलो होतो आणि खेळात धोका घालणारा मीच निघालो. तिथून उठलो आणि घरी आलो. मॅचला अकरा दिवस होते. अकरा दिवस मी गप्प बसलो. गोळीबारात पुढे गेलेला माणूस मी, पण एका एकोणीस वर्षांच्या मुलीसमोर तोंड उघडायला घाबरलो.

रविवार, दुपारचे चार. हॉल खच्चून भरलेला. जे रोज शिव्या घालत होते तेच तिकीट काढून आले होते. आप्पा वस्तादही दुसऱ्या रांगेत. स्नेहलच्या मॅचला दहा मिनिटं होती. मी मागच्या खोलीत गेलो. कोच तिच्या ग्लोव्ह्जना टेप लावत होता.

"स्नेहल, तुझे बाबा कसे गेले ते सांगायचं हाय."

"मला ठावं हाय काका."

"न्हाय. मी सांगितलं ते खोटं हुतं."

कोचचा हात थांबला. मी उभ्यानेच सांगितलं, जसं तेव्हा लष्करी चौकशीत, कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, सांगायला हवं होतं तसं.

एकोणसाठाव्या दिवसापासून सर्जेरावला खोकला होता. साठाव्या दिवशी जिना चढल्यासारखी धाप लागत होती, बसल्या जागी. बुखारीपाशी तो मला म्हणाला, "साब, रिपोर्टात माजं नाव घिऊ नगा. उद्या गस्तीचं पेट्रोल हाय. खाली गेलो तर पोरं म्हणतील पैलवान पळाला." नर्सिंग असिस्टंट स्टेथोस्कोप घेऊन आला, तर मीच त्याला परतवलं. म्हणालो, थंडीचा खोकला आहे. एकसष्टाव्या दिवशी ०५३० ला मी रिपोर्ट दिला. ऑल ओके. ०७१५ ला चार जणांचं पेट्रोल निघालं, पुढे सर्जेराव. ०८५० ला रेडिओ वाजला.

"अल्फा, पेट्रोल. चौगुले बसलाय. उठत नाही. ओव्हर."

"जखम? ओव्हर."

"जखम नाही. धाप. तोंडाला गुलाबी फेस. ओव्हर."

नर्सिंग असिस्टंट आणि ऑक्सिजन घेऊन मी ०९४० ला पोहोचलो. कंपनीने हेलिकॉप्टर मागवलं. खोऱ्यात ढग होते, हेलिकॉप्टर उडेना. आम्ही त्याला स्ट्रेचरवर बांधून उतरायला लागलो. कंपनी कमांडरने रेडिओवर विचारलं, "त्रास कधीपासून? ओव्हर." मी म्हणालो, "आज सकाळपासून. ओव्हर." हे दुसरं खोटं.

स्नेहल माझ्याकडे बघत होती. बाहेर कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं.

"१२०५ ला आमी थांबलो," मी म्हणालो. "त्याला बोलता येत नव्हतं. त्यानं माझ्या बाहीवर हात आपटला. दोनदा."

"बाबांनी टॅप केला?"

"व्हय. पर सोडणारं कोण नव्हतं. वेळ निघून गेलती. १२१० ला गेला. हेलिकॉप्टर आलं १४४० ला."

ती उठली. "आन हे आज सांगतासा? दहा मिनिटं राहिल्यावर? पंधरा वर्षं काय करत हुतासा?"

"भीत हुतो."

"जावा भाईर, काका."

मी बाहेर आलो. तिने ऐकलं की नुसता मनात विस्तव घेऊन ती पिंजऱ्यात चालली होती, मला कळायला मार्ग नव्हता.

समोरची मुलगी बेळगावची, उंच, शांत. पहिला राउंड स्नेहलने अंगावर जाऊन काढला. दोन वेळा तिने पट काढून, पाय उचलून, तिला खाली आणलं. वस्ताद जागेवरून अर्धे उठले. "ह्यो बग, ह्यो आपला डाव!" शेजारच्याला सांगू लागले. कालपर्यंतची कोंबड्यांची झुंज आता त्यांना कळायला लागली होती.

दुसऱ्या राउंडला एक मिनिट झालं असेल. स्नेहल वर होती. बेळगावच्या मुलीने खालून पाय फिरवला, स्नेहलचा उजवा हात मांड्यांत धरला आणि कंबर उचलली. आर्मबार. कोपर सरळ झालं, मग सरळच्या पुढे जायला लागलं.

हॉल पेटला. "सोडू नगंस! पैलवानाची हाईस!" वस्ताद खुर्चीवर चढले होते. "मानू नगंस पोरी!" कोच जाळीला धरून ओरडत होता, "टॅप! स्नेहल, टॅप!" ते त्या गोंगाटात बुडत होतं. स्नेहलने ओठ मिटले. छताकडे बघितलं.

मी कधी उठलो ते मला आठवत नाही. माझ्याच तोंडून माझ्या कानावर आलं, "चौगुले, हाथ मार! हाथ मार!"

तिने मान वळवली. माझ्याकडे बघितलं की आवाजाकडे, ते तिलाच माहीत. मग डावा हात उचलला आणि बेळगावच्या मुलीच्या पायावर दोनदा आपटला.

रेफरी मध्ये पडायच्या आधीच त्या मुलीने पकड सोडली. उठली, स्नेहलला हात देऊन उठवलं आणि तिच्या कोपराकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. स्नेहलने मान हलवली. दोघी गळ्यात पडल्या.

हॉलने मात्र हूट केलं. माझ्या मागून एक जण उभा राहून ओरडला, "बापाचं नाव घालवलंस की!"

मी वळलो. "पावणं, खाली बसा. न्हायतर मी बशिवतो." तो बसला. माझं वय अठ्ठावन्न आहे, पण तो बसला.

स्नेहल ग्लोव्ह्ज काढून माझ्यापाशी आली. उजवा हात पुढे करून कोपरात दोनदा दुमडून दाखवला. मी तिथेच खाली बसलो आणि तोंडावर रुमाल धरला. लाजण्यासारखं त्यात काही नाही, म्हणून लिहितो.

संध्याकाळी कोडोलीला जाऊन मी वहिनींना सगळं सांगितलं. त्या पदर आवळून ऐकत होत्या. मला वाटलं घरातून हाकलतील.

"खोकला मला ठावं हुता," त्या म्हणाल्या. "जायच्या दोन दिस आधी पोस्टवरनं फोन आलावता, तवा ऐकलावता. म्हणलं, सायबास्नी सांगा. तर हसले. पैलवानाला खोकला येतुय व्हय, म्हणाले. मग मीबी गप बसले." मग उठल्या, म्हणाल्या, "तुमी एकलंच न्हाईसा, भाऊजी. च्या ठेवते."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तालमीत गेलो. आप्पा वस्ताद माती ओली करत होते. त्यांनाही सांगितलं. ते फोटोपाशी गेले. मग ओलं फडकं घेऊन स्वतःच ती लाल अक्षरं घासायला लागले. रंग जुना होता, निघायला वेळ लागला.

"आता काय लिवायचं?" त्यांनी विचारलं.

"नाव आन गाव. बास."

भिंतीवरच्या घड्याळात साडेपाच झाले. वस्ताद फडकं धुवायला बाहेर गेले. मी फोटोसमोर सावधान उभा राहिलो आणि रेडिओवर बोलायचो तसा बोललो.

"टायगर, अल्फा. ऑल ओके नाही. जवान आठ, सात ठीक, एक आजारी. नाईक सर्जेराव चौगुले. खोकला, दोन दिवस. आज खाली पाठवतोय. ओव्हर."