ड्यूक थांबतो ती जागा

माझी शेवटची पोस्टिंग अमेरिकेत, ओहायोतलं डब्लिन. हुकूम मुलाचा. माझी बायको सुशीला गेल्या वर्षी गेली आणि महेशनं मला इकडं आणलं. मी सातवी शिकलेला, पायदळातून हवालदार म्हणून रिटायर झालेला माणूस. लिहिणं माझं काम नाही. पण इथल्या मराठी मंडळींनी फौजेचं विचारलं की मी कायम अर्धंच सांगत आलो. उरलेलं आज लिहितो.

मार्चमध्ये सूनबाईनं, अपर्णानं, कुत्रा आणायचं काढलं. रेस धावून रिटायर झालेला ग्रेहाउंड. आधी असे कुत्रे दत्तक देणाऱ्या संस्थेची बाई घर बघायला आली. कुंपण हलवून पाहिलं, जिना पाहिला, मलाही खालीवर पाहिलं. कुत्रा त्यांचा आणि तपासणी आमची. मला तिथंच शंका आली.

"दोन आठवडे ट्रायल आहे बाबा. नाही जमलं तर ते परत घेतात," अपर्णा म्हणाली.

"धडधाकट असता तर दिला असता का? काहीतरी खोट असणार."

"तुम्हीपण रिटायरच आहात ना?"

"म्हणून तर सांगतोय."

ड्यूक आला. हाडं मोजून घ्यावीत असा. कानात हिरव्या शाईनं नंबर गोंदलेला. भुंकेना, खाली बसेना, जिना चढेना. नुसता उभा राहून बघायचा. न भुंकणाऱ्या कुत्र्याच्या मनात काय चाललंय, कुणी सांगावं?

दुसरा संशय महेश-अपर्णावर. ड्यूकची सकाळी सातची फेरी माझ्या नावावर लागली. सुशीला गेल्यापासून मी खोलीबाहेर पडत नव्हतो. कुत्रा मी सांभाळायचा की त्यानं मला, एवढं मला कळतं. शनिवारी ती बाई पुन्हा येणार होती. 'अनफिट' म्हणून सांगायचं मी पक्कं केलं. फक्त कारण हवं होतं.

शुक्रवारी ते मिळालं. सात वाजून दहा मिनिटं. तळ्याकडची वाट. महेश बरोबर होता, कानात ऑफिसची मीटिंग चालू. ड्यूक एकाएकी थांबला. चारी पाय रोवले, मान ताठ. दगड.

"ओढा त्याला बाबा. साडेसातला माझं प्रेझेंटेशन आहे यार."

मी पट्टा ताणला. आणि माझा हात तिथंच राहिला.

फौजेतली एक सकाळ, जम्मूकडचा डोंगर. आमची रोड ओपनिंग पार्टी. म्हणजे गाड्यांच्या आधी चालत जाऊन रस्ता तपासायचा. पुढं लान्स नाईक तुकाराम शेडगे आणि त्याची लॅब्रॅडॉर राणी. सुरुंगाचा वास आला की राणी जागच्या जागी उभी राहायची. त्या सकाळी दोनदा उभी राहिली, दोन्ही वेळा काही निघालं नाही. सहा चाळीसला वळणावर तिसऱ्यांदा थांबली.

वायरलेस सेटवर वरून आवाज आला. "पार्टी क्यों रुकी है? ओव्हर."

"हवालदारसाहेब, ती उगाच थांबत नाही," शेडगे म्हणाला.

"थकलीय ती. पुढं चल."

राणी हलेना. शेडगेनं पट्टा सोडला आणि एकटा पुढं गेला. तीन पावलं.

धूळ खाली बसली तेव्हा राणी होती तिथंच उभी होती. ऑर्डर माझी होती. चौकशीत मी तसं सांगितलं. गावात कधी सांगितलं नाही.

एकट्या सुशीलेला सांगितलं. ती म्हणाली, "पुढच्या वेळी थांबा." गेल्या वर्षी बाजारातून येताना ती दोनदा थांबली. छातीला हात लावून. मी म्हणालो, "चल, ऊन चढतंय." ती चालली. त्याच संध्याकाळी गेली.

महेशनं माझ्या हातातला पट्टा धरला. "द्या, मी ओढतो."

"हात काढ!"

असा आवाज मी घरात कधी काढला नव्हता. त्यानं हात काढला.

"बाबा, पुढं काही नाहीये. रिकामा रस्ता आहे."

"माहितीय. तरी थांबायचं. तुला घाई असेल तर तू जा."

 त्यानं कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं आणि माझ्याशेजारी उभा राहिला. नऊ मिनिटं. मग ड्यूकनं अंग झटकलं आणि आपणहून चालू लागला. पुढं खरंच काही नव्हतं.

शनिवारी बाईनं विचारलं, काही तक्रार? अपर्णानं मला मराठीत सांगितलं.

"आहे. मध्येच उभा राहतो."

अपर्णाचा चेहरा उतरला. "मग? परत द्यायचा?"

"मग आपणपण उभं राहायचं. सांग तिला तसं."

ड्यूकवर माझा अजून पुरता भरवसा नाही. पण रोज सकाळी तो थांबला की मी सावधान उभा राहतो आणि मनात नावं घेतो. लान्स नाईक तुकाराम शेडगे. राणी. सुशीला. कधी नावं दोनदा घेऊन होतात, कधी चारदा. तो निघाला की मी निघतो. त्याच्या आधी नाही.